बारा खुणांची पट्टी

परळ,
ता. २४ जानेवारी १९५६

ती. अप्पा यांस,
दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

शैला शुद्धीवर आली आहे, हे आधी लिहिते आणि मग भांडते. शुक्रवारी रस्त्यावर लाठ्या आणि अश्रुधूर चालू असताना हे जीव मुठीत धरून परळहून तुमच्या दुकानी आले, कारण पोरीचं आकडीचं औषध संपलं होतं. नेहमीसारखी घरची रिकामी बाटली दिली, भरून आणली. बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीला चार खुणा होत्या. डोस वाढवला असेल असं समजून मी त्या संध्याकाळी एका खुणेपर्यंतचं औषध पाजलं, सकाळी दुसऱ्या. दुपारी पोर हलवली तरी डोळे उघडेना.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, की बारा वेळा द्यायचं औषध चार वेळांत संपवायला कुणी सांगितलं. आणखी एक डोस गेला असता तर पोर हाती लागली नसती, असं ते माझ्या तोंडावर म्हणाले. चार खुणांची ती पट्टी यांच्या गेल्या महिन्यातल्या खोकल्याच्या औषधाची होती. तुमच्या दुकानात कुणी डोळे उघडे ठेवून बाटल्या भरतं की नाही? आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांना अक्षर येत नाही. त्या पट्टीवर बोट ठेवूनच पोरांना औषध पाजतात.

राग पोटात ठेवत नाही म्हणून लिहिलं. माया होती तेवढी राहू द्या.

तुमची,
दुर्गा


फणसवाडी,
ता. २७ जानेवारी

चि. सौ. दुर्गा हिस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

शैलाचं कळलं. तुझ्या वहिनीने देव पाण्यात ठेवले आहेत. पण तुझ्या जिभेला लगाम नाही तो नाहीच. बाटली घासून जुनी पट्टी काढून पाठवावी, एवढं तुला कळू नये? आणि दत्तारामरावांनाही?

असो. चूक सीतारामची. वीस वर्षं माझ्याकडे औषधं करतो, सरकारदरबारी नाव नोंदलेला कंपाउंडर म्हणून मिरवतो, आणि जुन्या पट्टीवर औषध भरतो! काल त्याला दुकानातून काढून टाकला. आता झालं समाधान? औषध करणं म्हणजे अशी काय मोठी विद्या आहे! मापून ओतायचं आणि बूच लावायचं. दुसरा माणूस मिळेपर्यंत ते मीच करीन.

शैलाला माझा गोड पापा. तू रागावलीस तरी माहेर तुझंच आहे.

तुझा,
अप्पा


परळ,
ता. ३१ जानेवारी

ती. अप्पा यांस,
शि. सा. न. वि. वि.

माझं समाधान झालेलं नाही. तुमचं पत्र वाचून डोकं जास्तच फिरलं.

काल सीतारामभाऊ कॉटन ग्रीनहून चालत शैलाला बघायला आले. बाटली उजेडात धरली, पट्टीवरून अंगठा फिरवला. पट्टी पाण्यात भिजवून काढल्याशिवाय आपण आजवर बाटली भरली नाही, एवढंच म्हणाले. मग शुक्रवारी तुम्ही कुठे होतात, असं विचारलं तर मान खाली घातली. त्या माणसाचाही मला राग आला! इतकं कसलं इमान!

ते गेल्यावर मी यांना खोदून विचारलं. सीतारामभाऊ कधी मुकाट्याने बाटली देत नाहीत. समोरच्याला पट्टीवर बोट ठेवायला लावतात आणि खुणा मोठ्याने मोजून घेतात. त्याशिवाय बाटली सोडतच नाहीत. हे म्हणतात, त्या दिवशी कुणी काही मोजून घेतलं नाही. तुम्ही आतून आलात, फळीवर बाटली ठेवलीत आणि लवकर घरी जा म्हणालात.

अप्पा, शुक्रवारी ती बाटली कुणी भरली? लहानपणी माझी बाहुली तुम्ही फोडलीत आणि मार आपल्या धाकट्या रघुवीरने खाल्ला. तेव्हा मी गप्प राहिले, कारण मी सहा वर्षांची होते. आता नाही राहणार. एका माणसाची वीस वर्षांची अब्रू गेली आहे, तीही माझ्या पोरीच्या नावाने.

उत्तर खरं असेल तरच पाठवा. आशीर्वाद तेव्हाच मागेन.

दुर्गा


फणसवाडी,
ता. ६ फेब्रुवारी

चि. सौ. दुर्गा हिस,
अनेक आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी.

बाटली मी भरली. सीताराम सकाळपासून वाडीच्या तोंडाशी जखमींना पट्ट्या बांधत होता. दुकानातला कापूस आणि आयोडीन न विचारता घेऊन गेला, म्हणून मी संतापलेला होतो. त्याच तिरमिरीत ओतलं. औषध करायचा मला अधिकार नाही, हे मला माहीत होतं. तुझं पत्र आलं तेव्हा दुकानाला टाळं लागेल या भीतीने गाळण उडाली, आणि नाव सीतारामचं पुढे केलं. बाहुलीचंही खरं आहे. तुझी स्मरणशक्ती फार दुष्ट आहे.

काल कॉटन ग्रीनला गेलो. त्याच्या चाळीच्या गॅलरीत, सगळ्यांदेखत कबूल केलं. परत कामावर ये म्हणालो. आज सकाळी तो दुकानी आला, आत गेला आणि शैलाची नवी बाटली केली. मी हात पुढे केला तर सोडीना! माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, मला म्हणाला की पट्टीवर बोट ठेवा आणि मोजा. कानशिलं तापली, दुर्गा. वाटलं, बाटली तिथेच आपटावी.

मग बोट ठेवलं आणि मोठ्याने मोजल्या. बारा भरल्या. तेव्हा कुठे त्याने बाटली सोडली.

तीच बाटली दत्तारामरावांच्या हाती पाठवतो आहे. त्यांच्याकडूनही मोजून घेतल्या आहेत. पाजण्याआधी तूही मोज.

तुझा,
अप्पा