बाबांच्या शेजारची जागा

प्रिय चिमणे,

डॉक्टरांनी माझं बोलणं पूर्ण बंद केलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही म्हणे. तुझे बाबा म्हणतात, घरात एवढी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणून फोन नाही, पत्र.

रॅली संपली. दिवसचे दिवस नुसता माळ, खडी आणि धूळ. आम्ही सातवे आलो. चषक बाबांनी फ्रिजवर ठेवलाय, दूधवाल्यालाही उचलून दाखवला. गाडी ते चालवणार आणि नकाशा मी वाचणार, हे तुझ्या जन्माआधीपासूनचं. पुढे डावं वळण, मग पूल, एवढंच मी सांगायचं असतं. पण गेली तीन वर्षं मी बाकीचंही सांगते. कडेला शेळी. उजवीकडे सायकलवाला. दाढीवाला मेकॅनिक मला रेडिओच म्हणतो. वहिनी, मधूनमधून गाणीबिणी लावत जा की, म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

सुरुवात एका शेळीपासून झाली. मोकळा रस्ता, लख्ख ऊन, ती कडेला कधीची उभी. बंपरला घासून पळाली तेव्हा बाबा म्हणाले, ही कुठून आली गं मध्येच? ती मध्येच आली नव्हती. त्यांना समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय काढला की नंबर बदलला असेल म्हणतात आणि बॉनेट उघडून आत डोकं घालतात. शहरात हल्ली मलाच चालवायला लावतात, गर्दीचा कंटाळा येतो म्हणून. पण रॅली सोडायला सांगू कशी? गॅरेज विकल्यापासून त्यांच्याकडे दुसरं आहे तरी काय?

यंदा धुळीनं माझा आवाज मध्येच बसला. एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडेनं चालला होता. मी ओरडले, घशातून नुसती हवा आली. डॅशबोर्ड बडवला. बाबा हसून म्हणाले, भूक लागली का? शेवटी मी स्टिअरिंगच ओढलं. भारा आरशाला घासून गेला. एक काडी अजून तिथेच अडकलीय. म्हातारा त्यांना दिसलाच नाही. स्टिअरिंगला हात लावलास, म्हणून ते माझ्यावरच चिडले. पुढचा सगळा रस्ता मी त्यांच्या दंडावर चापट्या मारत काढला. कडेला कुणी दिसलं की चापट. मारकुटी बायको, म्हणाले.

पुढच्या महिन्यात डोंगरातली रॅली आहे. आईचा घसा गेला, आता चिमणी बसेल शेजारी, असं त्यांनी परस्पर ठरवलंय. रविवारी तुला फोन करतील. लहानपणापासून तू ही जागा मागत आलीस. तरी नाही म्हण. शेजारी कुणी नसेल तर रॅलीवाले गाडी सोडतच नाहीत, तेवढा एक नियम माझ्या बाजूचा आहे. नोकरीचं कारण सांग, भांड हवं तर. खरं कारण सांगायचं धाडस झालं तर ते सांग. मला आवाज होता तेव्हाही जमलं नाही. आत्ता खिडकीतून ते दिसताहेत, गाडी पुसताहेत. गेली तीन वर्षं पाहते, स्वतःच्या बाजूची काच ते तशीच धुळकट ठेवतात. शेजारच्या बाजूची मात्र फुंकर मारमारून लख्ख करतात. आजही तीच करताहेत, तू बसणार म्हणून.

तुझीच, मुकी झालेली,
आई