बायबलातलं आठवं नाव

रॅपहॅनक नदीकाठ,
१४ एप्रिल १७६६

चि. अँब्रोज यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. वि. वि.,

मी थकलेली नाही. एवढ्या घरात एकटीला करमतं का, अशी चौकशीही कुणी करायला नको. तू विचारलं नाहीस, पण विचारणार होतास. तंबाखूच्या रोपांना यंदा किडा कमी आहे. नदीला मासे भरपूर आले, खारवून ठेवलेत. विल्यम्सबर्गच्या सभेत तू चांगलं बोललास, असं पाद्री सांगत होता. केसांचा टोप वाकडा होता असंही म्हणाला.

आता तुझ्या पत्राचं. लंडनहून घराण्याचं ढालीवरचं निशाण काढून आणायचं, म्हणून बाबांच्या बायबलातलं जन्मनोंदीचं पान हवं. कशाला रे? आजोबा या किनाऱ्यावर उतरले ते सात वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबायचा करार करून. निशाणावर काय काढणार, कुदळ?

पान उघडून बघितलं. बाबांच्या हातची आठ नावं आहेत. सात आपण भावंडं, त्यातली तू आणि मी उरलो. आठवं सुकीचं. आई तिची आपली गुलाम बेक, पण बाप आपलाच, आणि बाबांनी ते बायबलात लपवलं नाही. वाटणीत सुकी तुझ्याकडे गेली. मग पाहुण्यांची नजर तिच्या वाकड्या करंगळीवरून तुझ्या वाकड्या करंगळीवर जायला लागली. तुझ्या बायकोला, ल्युसीला, ते सोसेना, आणि तू मुकाट्याने पोरीला डोंगरापलीकडच्या मळ्यावर धाडलीस. सहा वर्षं झाली.

लहानपणी ती माझ्या पलंगाशी जमिनीवर झोपायची. माझे केस विंचरताना नाकातल्या नाकात गुणगुणायची. तो आवाज नसला की घर कसं बधिर वाटतं. तिला घरी पाठव, पान लगेच देते. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

तुझी,
ताबिथा


विल्यम्सबर्ग,
२ मे १७६६

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार. वि. वि.,

पाद्र्याला मी बघून घेतो. माशांचं वाचून तोंडाला पाणी सुटलं. इथल्या खाणावळीतलं मटण म्हणजे नुसतं चामडं. ल्युसी तुझी आठवण काढते, म्हणजे तू इथे नाहीस म्हणून देवाचे आभार मानते.

निशाण मला मिरवायला नकोय, ताई. गव्हर्नरच्या मंडळात एक जागा रिकामी झाली आहे, आणि तिथे घराणं बघतात. पानाची खालची पट्टी तेवढी कापून टाक. सात नावं पुरेत.

सुकीचं म्हणशील तर तिला गेल्या हिवाळ्यात विकली. कॅरोलिनाला निघालेला एक गृहस्थ होता, सज्जन वाटला. तुला कळवायचं राहून गेलं. केस विंचरायला दुसरी चांगली पोरगी होडीने पाठवतो. रागावू नकोस. उन्हाळ्यात घरी येईन म्हणतो, तोवर माया कमी करू नकोस.

तुझा,
अँब्रोज


रॅपहॅनक नदीकाठ,
१९ मे १७६६

चि. अँब्रोज यास,

राहून गेलं म्हणे.

दुसरी पोरगी पाठवलीस तर त्याच होडीने परत येईल. विंचरणारी कुणाला हवीय? मला माझी बहीण पाहिजे. हा शब्द मी आजवर लिहिला नव्हता, तिच्या तोंडावरही कधी बोलले नाही. सहा वर्षांपूर्वी तिला डोंगरापलीकडे नेणारी गाडी इथूनच गेली, त्या सकाळी मी धूरघरात डुकराच्या तंगड्या टांगत होते. ताबीबाई, ताबीबाई म्हणून तिने दोनदा हाक मारली. मी ऐकली, आणि टांगत राहिले. तेव्हा सगळा दोष तुझ्या एकट्याच्या माथी मारत नाही.

कॅरोलिना कुठल्या अंगाला ते पाद्र्याला विचारलं. दक्षिणेला, म्हणाला. आता मटार सोलायला मी मागच्या पायरीवर बसते, तिथून दक्षिणेची वाट दिसते. कुत्रं भुंकलं की मान वर होते. येणारं कुणी नसतं, हे मला कळतं. मान तरी वर होतेच.

पट्टी कापलेली नाही. पाच नावांपुढे मरणाची तारीख आहे. सुकीच्या नावापुढे काहीच नव्हतं, तिथे मी लिहिलं: अँब्रोजने विकली, ताबिथाने अडवलं नाही. अक्षर गिचमिड आलंय, पण वाचता येतं. गव्हर्नरला असं पान चालत असेल तर खुशाल मागव.

त्या गृहस्थाचं नाव आणि गाव कळव. मी स्वतः जाणार आहे. मायेचं मग बघू. नाव-गाव येत नाही तोवर मी काही पाठवणार नाही, आणि याउपर एक अक्षर लिहिणार नाही.

ताबिथा