टॉवेल कोपऱ्यातूनच यावा लागतो

३ मार्च १९५८

आजी सांगते तसं लिही, व्हर्लीन. तुझ्या भावाला आज काट्याने मटार उचलता येईनात. तीनदा घरंगळले. मी म्हटलं, "क्लिओ, मटार बॉक्सिंग शिकून आलेत की काय?" सगळे हसले. तोही हसला, पण सगळ्यांच्या मागून. हा पोरगा माझं बोलणं पुरं व्हायच्या आत हसायचा.

५ मार्च

डोकं दुखतं म्हणाला, कुणाला सांगू नको म्हणाला. मी लगेच त्याच्या बापाला सांगितलं. ल्युशिअस माझा मुलगा आणि क्लिओचा ट्रेनरही तोच. "आई, सतराला लढत आहे. दहा फेऱ्या. डॉक्टरने सही दिलीय." डॉक्टरने मटार खायला दिले होते का, विचारलं.

९ मार्च

चर्चबाहेर शेजारची पर्लीन म्हणाली, "मी बाई टॉवेल टाकला, गोड काही सुटत नाही माझं." हल्ली हार मानायची म्हटली की जो तो येता-जाता टॉवेल टाकतो! बावीस वर्षं जिमचे टॉवेल धुतेय मी. रिंगमध्ये स्वतःसाठी कुणी टाकत नाही. मार खाणाऱ्याच्या हातात ग्लोव्हज असतात, आणि मनात हरणं नसतं. लढत थांबवायला टाकतो तो त्याच्या कोपऱ्यातला माणूस, त्याचा ट्रेनर – ज्याला एकही ठोसा बसलेला नसतो. त्यालाच ते जड जातं.

सासरे कोपऱ्यात उभे राहायचे, त्या काळी स्पंज असायचा. रक्त पुसायचा, बादलीत बुडवायचा. आमचा माणूस हरला असं सांगायचं तर तोच वर भिरकावायचा. टॉवेल नंतर आला. सासरे म्हणायचे, स्पंज दोनदा फेकला, आणि एकदा फेकायचा तेव्हा पिळत बसलो. त्या पोराचं नाव ते रोज जेवणाआधीच्या प्रार्थनेत घ्यायचे.

११ मार्च

ल्युशिअसकडे पुन्हा विषय काढला.

"मी कुणासाठी टॉवेल टाकलेला नाही, टाकणारही नाही. माझ्यासाठी बाबांनी टाकला होता. मी जिंकत होतो."

"दोन्ही डोळे सुजून बंद होते तुझे. कुणी सांगितलं तुला जिंकतोयस म्हणून?"

ताट तसंच ठेवून उठला. त्या लढतीच्या रात्रीनंतर तो बापाशी बोलला नाही. बाप गेला तरी नाही.

१४ मार्च

म्हटलं, मी पुढच्या रांगेत बसते आणि मीच टाकते. ल्युशिअस कितीतरी दिवसांनी हसला. "पंच तो टॉवेल लाथेने बाहेर उडवेल, आई. टॉवेल कोपऱ्यातूनच यावा लागतो. नाहीतर पैज लावलेला प्रत्येक जण घरून घेऊन येईल." खरंच आहे. पैजवाला आणि आजी, पंचाला दोघं सारखीच.

१६ मार्च

देवा, जिंकू दे म्हणत नाही. घरी येऊन मला आजी म्हणून हाक मारू दे. याहून कमी काय मागू?

१८ मार्च

काल सहाव्या फेरीत क्लिओ दोरांना टेकला. हात खाली. पंच दोघांभोवती फिरत राहिला. मी टाकलाच टॉवेल. पंचाने बुटाने बाहेर सरकवला, कुठून आला तेही बघितलं नाही. मागे कुणी तरी म्हणालं, "आजीबाई, अंघोळ घरी."

उठले, कोपऱ्याशी गेले. ल्युशिअसच्या खांद्यावर टॉवेल होता, नजर पोरावर. त्याच्या कानाशी म्हटलं, "तुझा बाप टॉवेल टाकायला तयार नव्हता. मी त्याचा दंड धरून टाकायला लावला. सव्वीस वर्षं राग धरायचा होतास तो माझ्यावर."

वळला नाही. पण खांदा रिकामा झाला.

१९ मार्च

क्लिओने मला आजी म्हणून हाक मारली. बापाकडे पाठ करून पडला होता. "मी जिंकत होतो," म्हणाला. डॉक्टर म्हणतात, वर्षभर ग्लोव्हजना हात लावायचा नाही.

ल्युशिअस दाराशी उभा होता. मी म्हटलं, "आत ये." म्हणाला, "नको आई, त्याला माझं तोंड बघायचं नाहीय."

७ एप्रिल

क्लिओ नेवार्कला गेला. तिथे दुसरा डॉक्टर सही देतो, दुसरा ट्रेनर आहे, लढत मे महिन्यात. त्या ट्रेनरचं नावच त्यामुळे झालंय, की त्याच्या कोपऱ्यात टॉवेल ठेवतच नाहीत.

मी विचारलं, "मग रक्त कशाने पुसतात, बाळा?"

"बाहीने, आजी."