आबांनी हलवलेली मान

चिपाटा, झांबिया

ती. अक्का,

तुला आणि आबांना नमस्कार. फोनवर आबा शेजारी असतात, म्हणून हे लिहून पाठवतोय.

मी बरा आहे. ठिबकच्या नळ्या अर्ध्या शेतात टाकून झाल्या. आपली केळी कापणीला आली का?

इथल्या चिन्यांजा भाषेत कोण, कधी आणि काय, सगळं एकाच क्रियापदात बसतं. 'न्दि' म्हणजे मी. मध्ये 'ना' आलं की झालेलं, 'द्झा' आलं की होणारं. न्दिनाद्या, मी जेवलो. न्दिद्झाद्या, मी जेवेन. मी 'न्दि' म्हणून पुढचं आठवत थांबतो, तोवर समोरचा माणूस प्रेमाने शब्द पुरा करून टाकतो.

परवा पोट बिघडलं होतं, आता ठीक आहे. जेवलो असं सांगून टाळणार होतो, पण 'न्दि'वरच अडलो. सोबत काम करणाऱ्या टेंबोच्या आईने 'जेवेन' असं पुरं केलं आणि मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा वाढला. मी थकून मान हलवली आणि सगळं खाल्लं.

आबांनी चहाचा कप भिरकावला असं तू कळवलंस, पण त्यांच्यावर रागावू नकोस. लकव्याने त्यांचं बोलणं अडखळायला लागल्यापासून आपणही त्यांचे शब्द असेच पुरे करतोय.

मी निघताना तू विचारलंस, 'आबा, याने जावं ना?' ते काहीतरी बोलू लागले. 'जा म्हणताहेत,' असं आपणच ठरवलं आणि त्यांनी मान हलवली.

त्यांना परत एकदा विचार. मध्ये बोलू नकोस, थांब. 'नको' म्हणाले, तर करार सोडून मला येता येणार नाही. तरी विचार.

तुझा,
हेमराज