परस साफ करताना

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. पत्र बघून घाबरू नकोस, इकडं सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता. पण तुला कमी ऐकू येतं, तुझा पप्पू फोन स्पीकरवर टाकतो आणि तलवाड्यातली निम्मी गल्ली ऐकत बसते. ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. घरामागच्या परसाचं काम अडलंय, आणि ते तुझ्यावाचून सुटायचं नाही.

परळीची नोकरी संपवून आम्ही गावी आलो, तेव्हा मागच्या दोन गुंठ्यांत नुसतं रान माजलं होतं. वेडी बाभूळ पत्र्याच्या वर गेलेली, खाली छातीएवढं गाजरगवत. आबा गेल्यापासून तिथं कुणी पाऊल टाकलेलं नाही. मनकर्णा म्हणाली, साफ करू, मेथी-वांगी लावू. शेजारचा रामेश्वर म्हणाला, "नाना, जेसीबी लावा, अर्ध्या तासाचं काम हाय." मी हो म्हणणारच होतो, तर ही एकदम तडकली. जेसीबी आला तर आडवी पडीन म्हणाली. एवढी मऊ स्वभावाची बाई! मला वाटलं, डोकं फिरलं हिचं.

मग काय, महिनाभर हातानंच. बाभळी तोडून माझे हात सोलून निघाले. कुंदा गवत तर तुला माहीतच आहे, हातभर खोल मुळी, एक कांडी राहिली की पुन्हा हजर. मी टिकाव घातला की ही म्हणायची, हळू. निघालेलं ढेकूळ हातानं फोडायची, माती बोटांतून चाळायची, मगच पुढं सरकायची. मी लई चिडायचो. एक दिवस म्हणालो, सोनं पुरलंय का इथं?

तिनं हातातलं ढेकूळ फोडलं. मग म्हणाली, "मला जागा कुणीच दावली न्हाई. म्हणून हुडकते."

अक्का, मी टिकाव खाली ठेवला. आमची पहिली पोरगी बारशाआधीच गेली, ती आबांनी आणि तू याच परसात मातीत ठेवली. मनकर्णा ओली बाळंतीण, आत पडून होती. मी परळीहून पोचलो तो दुसऱ्या दिवशी. त्याला चौतीस वर्षं झाली. पुढं दोन पोरं झाली, त्यांची लग्नं झाली, ही एका शब्दानं बोलली नाही. आणि मी गाढव समजत होतो, विसरली असंल.

आता उत्तरेकडचा कोपरा तेवढा राहिलाय. तिथं टिकाव मारायला माझा हात उचलत नाही. मनकर्णा रोज सकाळी जाते, कडेला उभी राहते आणि परत येऊन चुलीपाशी बसते.

तिनं तेव्हा तुला दोनदा विचारलं होतं, आणि तू आठवत नाही म्हणालीस. तुझा दोष नाही. पोरीच्या आईला जागा कळली तर तिथंच रडत बसंल, म्हणून मीच तुला माझ्या गळ्याची शपथ घातली होती. खरं सांगू? मलाच ती जागा बघायची नव्हती. माझ्या भित्रेपणापायी तिला स्वतःच्या लेकरावरच्या मातीला हात लावता आला नाही. ती शपथ आज सुटली, अक्का. रविवारी पप्पूला घेऊन ये. मला काही सांगू नकोस. आल्या आल्या तिचा हात धर आणि तिला त्या जागेपाशी घेऊन जा.

तुझाच भाऊ,
शहादेव