तीन बाय दोनचा काळा फ्लेक्स

मु. सिकाया, वांकायोजवळ
१९ ऑगस्ट

आदरणीय ओतिलियाताई यांस,

अब्दोनचा नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? यंदा तार्म्याला थंडी फार पडली असं बसच्या कंडक्टरकडून कळलं. तेव्हा पहाटे फुलांच्या वाफ्यांत उतरू नका. (तुम्ही उतरताच, हे मला माहीत आहे. नेमेसियाने हे वाक्य तीनदा लिहिलं असतं. मी एकदा लिहितो.) माझी प्रकृती ठीक आहे. मका घरात आला, बटाटे निवडून झाले, कोंबड्या आपापलं काम करतात.

तुमच्या बहिणीचं, माझ्या नेमेसियाचं, वर्ष शनिवारी झालं. तुम्ही आला नाहीत. का आला नाहीत हेही मला ठाऊक आहे, कारण ते तुम्ही गेल्या वर्षी दफनाच्या वेळी सगळ्या गावासमोर सांगून ठेवलं होतं: "अडतीस वर्षं हिच्याबरोबर काढलीस आणि आज दोन शब्द निघेनात तुझ्या तोंडून? वर्षाला काय मी खांब बघायला येऊ?" ताई, मला त्या बोलण्याचा राग नाही. मी खांबासारखाच उभा होतो. नेमेसियाबद्दल चार माणसांत काहीतरी बोलायला हवं होतं आणि ते माझ्याच्याने झालं नाही, हे वर्षभर माझ्या मनातून गेलं नाही. पण लोकांकडे तोंड करून बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून मी ठरवलं की वर्ष सरल्यावर दुखवट्याचे काळे कपडे उतरवायच्या दिवशी ते दोन शब्द फ्लेक्सवर छापून अंगणातल्या भिंतीवर टांगायचे, तीन मीटर बाय दोन मीटर. आलेले लोक वाचतील आणि मी बाजूला शांत उभा राहीन.

मजकूर तयार करायला मला अकरा दिवस लागले, त्याबद्दल पुढे येईलच. खरा घोटाळा कागदाने केला. फ्लेक्स छापणारी यानेथ (वांकायोच्या बाजारामागे तिचं दुकान आहे, मुलगी हुशार आहे पण सतत काहीतरी चघळत बोलते) म्हणाली, "इंजिनिअर, डिझाइन तुम्ही आणलंत तर दोन दिवसांत देते, मी करायचं तर दोन आठवडे." इकडे सगळे मला इंजिनिअर म्हणतात. मी आयुष्यभर फक्त जमीन मोजली, पण मी इंजिनिअर नाही असं लोकांना सांगून पाहिलं, उपयोग होत नाही. तर मी म्हटलं, आणतो. जमीन मोजणी कचेरीने निवृत्तीच्या वेळी मला एक जुना कॉम्प्युटर दिला होता आणि त्यात नकाशे बघायचा एक प्रोग्राम आहे. त्यात चित्र उघडायचं, मोठं करायचं, लहान करायचं, बंद करायचं. चित्र काढायचा प्रोग्राम तो नव्हे, पण मेनू शोधता शोधता त्यात 'नवीन रिकामं चित्र' असा एक पर्याय सापडला. मला इतका आनंद झाला की मी उठून चहा केला.

प्रोग्रामने विचारलं, रुंदी किती, उंची किती. एकतीस वर्षं मी हेच प्रश्न इतरांना विचारत आलो. पहिल्यांदाच कोणीतरी मला विचारत होतं. मी तीन लिहिलं, दोन लिहिलं आणि होय म्हटलं. पडद्याच्या मधोमध माशीने बसून जावं एवढा एक ठिपका दिसला. मी बाहीने काच पुसली. ठिपका गेला नाही. मग लक्षात आलं की प्रमाण द्यायचं राहिलं असणार. नकाशावर एकास हजार घेतो तसं धरून, आणि कमी पडायला नको म्हणून वर आणखी दोन शून्यं देऊन, मी तीन लाख आणि दोन लाख असे आकडे भरले. कॉम्प्युटर चढावर अडकलेल्या ट्रकसारखा घरघरला आणि त्याने लिहून कळवलं की मेमरी अपुरी आहे. मी म्हटलं, असू दे, माझीही आहे.

शेवटी यानेथला फोन केला. ती इतकी हसली की चघळत होती ते बहुतेक गिळलं. "इंजिनिअर, ते मीटर नाहीत, पिक्सेल आहेत! ठिपके! सहा हजार बाय चार हजार टाका." मी टाकले. झालं, रिकामा कागद तयार. एवढ्यासाठी तीन दिवस गेले, पण माझ्या मोजणीत एवढी चूक पूर्वी कधी झाली नव्हती, त्यामुळे मला त्याचं थोडं नवल आणि थोडी गंमत वाटली.

आता रंग. प्रोग्रामने विचारलं, रिकाम्या कागदाचा रंग कोणता? मला वाटत होतं की रिकामा म्हणजे पांढराच. पण तिथे रंगांची ही एवढी पाटी उघडली, वांकायोच्या रविवारच्या बाजारातल्या लोकरीसारखी. तेवढ्यात गावातल्या वडीलधाऱ्या बाई, दोन्या सेबेरिना, पीठ मागायला आल्या. (काळं उतरवायची धर्ममाता म्हणून मी त्यांनाच सांगितलं होतं. त्यांनी आजवर आठ घरांचं काळं उतरवलं आहे आणि त्या ते कोणाला विसरू देत नाहीत.) त्यांनी पाटीतल्या गुलाबीवर माझा बाण पाहिला आणि कंबरेवर हात ठेवला. "अब्दोन, मी हात लावेपर्यंत या घरात रंग दिसता कामा नये. भिंतीवरसुद्धा नाही." मग मी काळा निवडला. तो नियमाला धरून होता.

काळ्या कागदावर मी मजकूर टाइप केला. अक्षरं दिसली नाहीत. ताई, इथे तुम्ही म्हणाल की माणसाने थांबायला हवं होतं. पण कचेरीत आमचे नकाशे अमोनियाच्या पेटीतून काढायचे असत. आत जाताना कागदावर काहीच नसे आणि वाफ लागली की रेषा उमटत. एकतीस वर्षं मी डोळे चुरचुरत ते बघितलं आहे. तेव्हा न दिसणारी रेषा ही न काढलेली रेषा नव्हे, असा माझा पक्का समज होता आणि तोच इथे आडवा आला. अक्षरांचा रंग प्रोग्रामने मला विचारलाच नाही, त्याने आपल्या मनाने काळा घेतला. मी सेव्ह केलं आणि पेन ड्राइव्ह घेऊन यानेथकडे गेलो.

तिने फाइल उघडली. म्हणाली, "हे काळं आहे."

"काळंच हवं."

"सगळंच? अक्षरं कुठे आहेत?"

"ती छापल्यावर येतात."

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या काळ्या कोटाकडे पाहिलं, काळ्या टोपीकडे पाहिलं, आणि चघळणं थांबवून हळूच म्हणाली, "बरं, इंजिनिअर." दुखवट्यातल्या माणसाशी कोणी वाद घालत नाही. एरवी सोय होते त्याची, पण या वेळी एखाद्याने घातला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी प्रार्थना आटोपून लोक घरी यायच्या आत शेजारच्या फोर्तुनातोंनी, माझ्या धर्मनात्यातल्या कोंपाद्रेंनी, फ्लेक्स भिंतीवर ताणून बांधला आणि पाच पावलं मागे येऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कोंपाद्रे, चकाकी छान आहे." तेव्हा मला समजलं की अक्षरं छापल्यावरही आलेली नाहीत, पण उतरवायला वेळ नव्हता. लोक आत येऊ लागले होते. पहिल्यांनी टोप्या काढल्या म्हणून मागच्यांनीही काढल्या, आणि अख्खं गाव त्या काळ्या कापडासमोर मिनिटभर मान खाली घालून उभं राहिलं. वांकायोची नवी पद्धत असेल असं त्यांना वाटलं. फोटो का नाही असं दोघातिघांनी विचारलं. मी म्हटलं, काळ्यावर शोभला नसता.

मग तापल्या दगडांवर मातीखाली भाजत ठेवलेल्या पाचामांकाचा खड्डा उघडला. मांस आणि बटाटे अगदी बरोबर भाजले होते (बाजूचा घेवडा जळला, पण तो दरवर्षी जळतो), मक्याच्या चिचाचे ग्लास फिरले आणि दोन्या सेबेरिना उठल्या. त्यांनी एकेकाला समोर घेऊन काळं उतरवलं. तुमच्या भाच्यांच्या शाली, माझी टोपी, माझा कोट. मला तांबडं जॅकेट चढवलं, डोक्यावर फुलांच्या पाकळ्या टाकल्या. सगळे टाळ्या वाजवत होते, सॅक्सोफोनवाले गालात हवा भरून तयार होते. एवढ्यात दोन्या सेबेरिना भिंतीकडे वळल्या. "आणि हे काळं कोणाचं राहिलं? घराचं? मग तेही मीच उतरवते!" असं म्हणून त्यांनी एका कोपऱ्याची दोरी ओढली.

"थांबा, थांबा," फोर्तुनातो ओरडले. "अहो, त्यावर लिहिलंय! हा माणूस अकरा दिवस लिहीत होता! काय लिहिलंय ते तरी कळू दे!"

"कुठे लिहिलंय? मला तर भोक दिसतंय."

"वाच ना, इंजिनिअर!" गर्दीतून आवाज आले.

"लाजतोय बघा. लग्नातही असाच होता, हो म्हणायला पाद्र्याने तीनदा विचारलं होतं."

ताई, मला पळायला जागा नव्हती. मी भिंतीजवळ गेलो. फ्लेक्सकडे तोंड केलं, म्हणजे लोकांकडे आपोआप पाठ झाली. मजकूर कुठे आहे ते मला मोजून माहीत होतं. कचेरीतल्या मोठ्या नकाशासमोर ठेवायचो तसं मी डाव्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि वाचलं: "नेमेसिया अडतीस वर्षं माझ्याशी बोलत राहिली. मी फारसं उत्तर दिलं नाही. उत्तर होतं: हो."

मग मागून फोर्तुनातो म्हणाले, "कोंपाद्रे, पण प्रश्न काय होता?"

प्रश्न त्या मजकुरात नव्हता. पण बोट अजून फ्लेक्सवर होतं आणि पुढे बरीच काळी जागा शिल्लक होती, म्हणून मी वाचत राहिलो. सूपमध्ये पुदिना आणखी घालू का? हो. हा हिरवा घागरा मला लठ्ठ दाखवतो का? (इथे बायका हसल्या. याचंही उत्तर हो असल्याचं मी सांगितलं, पण तो तिला फार शोभायचा हेही सांगितलं.) ओतिलिया तुझ्यावर ओरडते पण तुझ्यावर जीव आहे तिचा, कळतं का तुला? हो. तू मोजलेल्या वाटेपेक्षा मी सांगते ती वाट जवळची नाही का? हो, चाळीस मीटरने. मी गेल्यावर बोलशील का रे कोणाशी तरी? इथे मी बोट पुढच्या ओळीवर नेलं. मग मी हो वाचलं. सॅक्सोफोनवाल्यांनी तीनदा वाद्यं उचलली आणि तीनदा खाली ठेवली. मी तीन मीटर रुंदी पूर्ण वाचून काढली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात आलो तेव्हा एकच प्रश्न उरला होता, जो ती दर सणाला विचारायची: नाचायला येतोस का? मी हो म्हटलं आणि वळलो. सगळे माझ्याकडे बघत होते. दोन्या सेबेरिनांनी डोळे पुसले, फ्लेक्सची दुसरी दोरी ओढली, कापड धाडकन खाली आलं आणि बँडने वायनोचा नाच सुरू केला.

मी नाचलो. पहिल्यांदा सेबेरिनांबरोबर, नंतर कोणाबरोबर ते आठवत नाही. फोर्तुनातो म्हणतात की मी नाचत नव्हतो, प्लॉटच्या कडेने चालत होतो. चालू दे. मला मजा आली, ताई. खरंच मजा आली.

गुडघा कोमट मिठाच्या पाण्याने शेका.

तुमचा,
अब्दोन ओरिवेला

ता.क. फ्लेक्स वाया गेला नाही. फोर्तुनातोंनी त्यांचे बटाटे त्याखाली झाकले आहेत. उजेड अजिबात आत जात नाही म्हणतात.

ता.क. २. फोटो काळ्यावर शोभला नसता हे मी खोटं बोललो. नवीन चित्राला नाव काय देऊ असं प्रोग्रामने विचारलं तेव्हा मी नेमेसियाच्या फोटोचंच नाव दिलं. कचेरीत नवा नकाशा जुन्याच्या नंबरावर लावला की दोन्ही एकत्र राहत. त्याने विचारलं, या नावाचं आधीच आहे, बदलू का? मी सौजन्याने होय म्हटलं. हिरव्या घागऱ्यातला हसरा फोटो गेला. आता तिचा उरलेला एकच फोटो तुमच्याकडे आहे, ज्यात तुम्ही तिच्या शेजारी कपाळाला आठ्या घालून बसला आहात. तो मला हवा आहे. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. टपालाने पाठवू नका, घेऊन या. तुमची रंगीत शाल दोन्या सेबेरिनांनी घडी घालून ठेवली आहे.

ता.क. ३. एक नोव्हेंबरला गेलेल्यांसाठी मेजावर पाव मांडू तेव्हा मागे नवा फ्लेक्स लावायचा आहे. यानेथ म्हणते, फोटोतून तुम्हाला कापून काढायला तिला पाच मिनिटं लागतील. मी नको म्हटलं. कागद चार मीटर रुंद करायला सांगितला आहे, दोघी बसाल. मेलेल्यांच्या मेजावर जिवंत बाई नको म्हणून दोन्या सेबेरिना कुरकुरत आहेत. त्यांच्या समाधानासाठी तुमच्या नावापुढे कंसात 'हयात' असं छापायचं ठरलं आहे.