ताटातली शिल्लक

दि. १४, मंगळवार
दवाखान्याच्या व्हरांड्यातून

चि. चिऊ हिला आईचे आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिले, मन अजून धगधगतंय. या वयात चिऊ म्हटलेलं तुला आवडत नाही, पण रागातही माझ्या हाताला दुसरं नाव येत नाही. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस, पत्रात मला पुरतं बोलता येईल.

तुझ्या बाबांना ताप नाही. सलाईन चालू आहे. उद्या दुपारी तोंडातून नळी घालून पोट आतून बघणार आहेत. तीन महिन्यांत सतरा किलो उतरले. आहाराचा कागद डॉक्टरांनी वाचला आणि म्हणाले, एवढ्या जेवणावर इतकं वजन जायला नको, आत काही मोठं नाही ना, ते बघावं लागेल. मोठं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

परवा वॉर्डात बाबांच्या छापखान्यातली चार माणसं उभी असताना तू मला विचारलंस, "आई, तू नक्की किती वाढत होतीस?" चार परक्या माणसांसमोर! मी म्हटलं, "कागदावर आहे तेवढं." तू पिशवी उचललीस आणि चालती झालीस. आईवर संशय घ्यायचा तर दार लावून घ्यावा, एवढं तरी वळण मी लावलं होतं. आणि तो फोरमन! "वहिनी, कागद कापायच्या यंत्रापाशीच कोसळले हो. डोक्यापासून पातं वीतभरच दूर होतं. घरी जेवायला घालता ना?" असं म्हणून वर दात काढतोय. तीस वर्षं माझा डबा गेला त्या छापखान्यात. एक दिवस खाडा नाही.

कागद कुणाचा? तुझा. आहारशास्त्र शिकलीस, नोकरीला लागलीस आणि पहिला प्रयोग बापावर. गुडघ्याच्या ऑपरेशनाआधी दहा किलो कमी करा म्हटल्याबरोबर तुझा कागद हजर. जेवणाआधी भाज्यांचं सूप. अर्धं ताट भाजी, पाव ताट कडधान्य नाहीतर अंडी, पाव ताट भात, शेवटी दही. दिवसाचे सोळाशे उष्मांक. खाली लाल शाईत, "पोट भरलं पाहिजे, उपाशी ठेवायचं नाही." मॅट्रिक झालेय मी, लाल शाई मलाही वाचता येते.

पहिला आठवडा मी बरोबर सोळाशे दिले. देवाशपथ. वहीत रकाने आखले, रोज रात्रीची बेरीज केली. मग एक दिवस दही लागलंच नाही. त्या दिवशी बेरीज कमी आली आणि हे म्हणाले, "पोट भरलं हो." मी खाली लिहिलं, शिल्लक एकशे वीस.

हिशेबाच्या वहीत शिल्लक नसलेलं पान मला जन्मात बघवलं नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि कोबी, काकडी, दुधी ह्या वस्तू तरी कशा! ताटात डोंगर, वहीत मुंगी. माझ्यासारखीच्या हाती असली वस्तू पडली की ती थांबते होय? कोबीनं पोट भरतंय तर अंडं कशाला? सूप आहे तर मसूर कशाला? तूही फोनवर म्हणालीस, "वा आई, छान उतरतंय की वजन." तेव्हा का नाही विचारलंस? तेव्हा तुझं शास्त्र कुठे झोपलं होतं?

आणि हे! अजून वाढ म्हणायला तोंडाला कुलूप होतं का? जिन्यात दोनदा टेकले, मला म्हणाले गुडघा. पँट दोऱ्याने बांधून कामावर गेले, पण शब्द काढला नाही. असल्या गरीब गाईसारख्या माणसाशी संसार करणं सोपं नाही, चिऊ. आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय.

गेला महिना नऊशेच्या आसपास होता.

लिहिलं एकदाचं.

बुधवार, सकाळ

काल पत्र इथेच थांबवलं. पहाटे व्हरांड्यात डोळे मिटून जप करत होते. देवा, यांना काय झालंय ते कळू दे, एवढंच मागत होते. मागता मागता माझीच मला चीड आली. त्याला कशाला विचारायचं? मला माहीत होतं की! आणि माझ्या तोंडच्या खोट्यापायी त्या माणसाच्या घशात आज नळी घालणार होते.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा यांच्या खाटेपाशीच सांगितलं. बाहेर नेऊन सांगणार होते, पण तिथेच बोलून गेले. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचाच जास्त राग आला. रक्त पुन्हा तपासतो म्हणाले, नळी तूर्त राहू दे, खाणं हळूहळू वाढवू.

हे सगळं ऐकत होते. मी म्हटलं, "एवढी भूक लागत होती तर बोलायचं नाही?"

म्हणाले, "मला वाटलं, तू मोजूनच वाढत असशील. तुझा हिशेब कधी चुकलाय?"

त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझ्यावरचा राग पुरता गेलेला नाही. चारचौघांत विचारलंस, ते चुकलंच तुझं. पण विचारलंस ते खरं होतं. रविवारी ये. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहा आणि माझा हात आखडला की बोल. मध्येच बोललीस तरी चालेल.

आत्ताच यांचं जेवण आलं. भात, घट्ट डाळ, एक अंडं. सगळं संपवलं. मग मान वर करून हळूच म्हणाले, "अजून थोडं मिळेल का?"

मी शेजारीच बसले होते. यांनी विचारलं ते वॉर्डातल्या मावशीला.

तुझी,
पातेल्याजवळ बसण्याची लाज वाटणारी
आई